आमच्या गढीच्या विटेचे वय : थर्मोल्युमिनेसन्स कालमापन सेवेचा अनुभव

माझ्या माहेरची गढी चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी आहे. आज जे शिल्लक आहे त्याला गढी म्हणायचे, एवढेच; एरवी चार बुरुजांपैकी दीड बुरूज, दगडी जोत्यावरची भाजक्या विटांची एक भिंत आणि तिच्या पाठीमागे पावसाळ्यागणिक खचत जाणारा पांढऱ्या मातीचा ढीग इतकाच तिचा पसारा उरला आहे. ही गढी होळकरांच्या अमलात आमच्या मूळपुरुषाने बांधली असे भाऊबंदांतले एक घर सांगते. ती खानदेशावर त्याआधी राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या काळातली असून आपण तिच्यात मागाहून शिरलो असे दुसरे घर सांगते. दोन्ही घरे आमचीच असल्यामुळे हा वाद प्रत्येक लग्नाच्या पंगतीत नव्याने वाढला जातो. भिंतीची दुरुस्ती काढायचे ठरले तेव्हा, निदान विटांचे तरी वय कळावे म्हणून, शुल्क घेऊन थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने कालमापन करून देणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे आम्ही गेलो. तिचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीचा भाग बराच आहे आणि मला भांडण नको, अनुभव नोंदवायचा आहे.

कार्बन-14 का नाही, असे मला बऱ्याच जणांनी विचारले. एक तर भिंतीत लाकूड उरलेले नव्हते. दुसरे असे की साधारण 1650 नंतरच्या तीन शतकांसाठी कार्बनची मोजणी एकाच नमुन्याला दोन-तीन वेगवेगळे कालखंड देते, त्यामुळे आमच्या वादाच्या नेमक्या काळात ती फारशी उपयोगाची नाही. थर्मोल्युमिनेसन्सला, म्हणजे तापदीप्तीला, लाकूड-कोळसा लागतच नाही. तिला भाजलेली माती हवी असते आणि ती आमच्याकडे भिंतभर होती.

पद्धत समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल करता येणार नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. मातीत आणि विटेत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-40 ही किरणोत्सारी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतातच. त्यांचा मारा, आणि थोडासा आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा मारा, विटेतल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या कणांवर रात्रंदिवस चालू असतो. या माऱ्याने सुटे झालेले काही इलेक्ट्रॉन त्या स्फटिकांच्या रचनेत जिथे उणिवा असतात तिथे अडकून बसतात, आणि जितकी वर्षे लोटतील तितकी त्यांची संख्या वाढत जाते. स्फटिक सुमारे 500 अंश सेल्सियसपर्यंत तापवला की हे अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना क्षीणसा उजेड टाकतात. भट्टीत वीट भाजली जाते तेव्हा मातीतला आधीचा सगळा साठा असाच उधळला जातो आणि वही कोरी होते. त्या दिवसापासून पुन्हा साठू लागलेले इलेक्ट्रॉन प्रयोगशाळेत दुसऱ्यांदा तापवून मोजायचे, हा या पद्धतीचा गाभा. पोटॅशियम-40 चे अर्धायुष्यच सुमारे 125 कोटी वर्षांचे असल्यामुळे चार-पाचशे वर्षांत माऱ्याचा वेग बदलत नाही, आणि म्हणूनच हा हिशेब भागाकाराइतका सोपा होतो: एकूण किती मारा साठला, त्याला दरवर्षी किती मारा होतो याने भागा, आणि वय घ्या.

ज्यांना हे अजब वाटेल त्यांनी जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवरचा बिल्ला पाहावा. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पद्धतीच्या त्या बिल्ल्यात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, आणि त्या तापवल्यावर पडणाऱ्या उजेडावरूनच त्या माणसाला तेवढ्या काळात किती किरणोत्सर्ग लागला ते ठरवतात. आमची वीट म्हणजे भिंतीत शतकानुशतके लावून ठेवलेला तसाच एक बिल्ला होय. पुरातत्त्वात हे तत्त्व वापरता येईल अशी सूचना 1953 मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ फॅरिंग्टन डॅनियल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि साठच्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मार्टिन एटकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला रोजच्या वापराचे रूप दिले. आपल्याकडच्या, विशेषतः गंगा-यमुना दुआबातल्या गेरूरंगी मृद्भांड्यांचे वय 1972 मध्ये याच पद्धतीने काढले गेले, तेव्हा अत्रंजीखेडा, लाल किला (दिल्लीचा नव्हे, त्याच नावाचे उत्खननस्थळ), झिंझाना आणि नसीरपूर येथील खापरे इसवी सनापूर्वी साधारण 2600 ते 1200 या पल्ल्यात बसली.

आता सेवेकडे वळते. पहिल्या खेपेला त्यांनी संगणकावरून एक अर्ज पाठवला, तो संपूर्ण इंग्रजीत, आणि त्यात वस्तूचे छायाचित्र, मोजमाप, मालकीचा पुरावा आणि शुल्काची पावती एवढेच मागितले होते. आमच्या चुलतभावाने भिंतीतली एक सुबक वीट काढली, ती विहिरीवर घासून धुतली, मे महिन्याच्या उन्हात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, दोन दिवस वाळवली आणि नव्या टॉवेलात गुंडाळून पाठवली. पाहुण्यांच्या घरी जाताना वस्तू स्वच्छ न्यावी हा संस्कार त्यामागे होता. अडीच महिन्यांनी उत्तर आले की वीट जुनी आहे हे निश्चित, परंतु तिच्या आसपासची माती आणि मूळचा ओलावा माहीत नसल्यामुळे वय पंचवीस टक्क्यांहून अधिक नेमके सांगता येणार नाही. चारशे वर्षांच्या विटेला पंचवीस टक्के म्हणजे अलीकडे शंभर आणि पलीकडे शंभर वर्षे. फारुकी, मोगल आणि मराठे हे सगळे त्या एका फटीतून आरामात ये-जा करू शकतात. शुल्क मात्र पूर्ण घेतले गेले.

चूक कोणाची, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. उन्हाने तसे काही बिघडले नव्हते. पंचेचाळीस अंशाच्या उन्हाने विटेतले खोलवर अडकलेले इलेक्ट्रॉन हलत नाहीत आणि उजेड लागलेला वरचा दोन मिलिमीटरचा थर प्रयोगशाळा तसाही खरवडून टाकते. बिघडले ते वेगळ्याच ठिकाणी. विटेला दरवर्षी बसणाऱ्या माऱ्यातला अल्फा किरणांचा वाटा मिलिमीटरच्या काही शतांशांवरून आणि बीटा किरणांचा दोन-तीन मिलिमीटरवरून येतो, म्हणजे तो विटेच्या पोटातच मोजता येतो; गॅमा किरण मात्र सुमारे 30 सेंटिमीटरवरून येतात, आणि त्या अंतरात शेजारच्या विटा, चुना, पांढरी माती, जोत्याचा दगड हे सगळे येते. शिवाय पाणी हा मारा शोषून घेते, त्यामुळे ओलाव्याचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तर वयही जवळपास तितक्याच टक्क्यांनी चुकते. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी आमची काळी जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला ओलावा हा किती मोठा प्रश्न आहे ते वेगळे सांगायला नको. याचा अर्थ असा की भागाकारातला वरचा आकडा प्रयोगशाळेत तयार होतो आणि खालचा आकडा गावात. हे ज्यांना पक्के ठाऊक आहे त्यांनी ते अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहायला हवे होते, कारण गिऱ्हाइकाला ते स्वतःहून सुचण्याचे काहीच कारण नाही.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः दूरध्वनी केला. तेव्हा बोललेल्या तरुण संशोधिकेने, आणि येथे मला तिचे मनापासून कौतुक करायचे आहे, अर्धा तास वेळ देऊन एकेक गोष्ट सांगितली. त्याप्रमाणे आम्ही सायंकाळी उजेड कमी झाल्यावर भिंतीच्या तळाजवळ, दर्शनी बाजूपासून हातभर आत असलेली वीट काढली, ती न धुता लगेच काळ्या प्लॅस्टिकमध्ये आणि वरून दुसऱ्या पिशवीत हवाबंद केली. तिच्या चारी अंगांच्या विटांचे तुकडे, सांध्यातला चुना आणि मागच्या भरावाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यांवर दिशा आणि अंतर लिहिले. विटेच्या रिकाम्या जागी त्यांनी पाठवलेली बोटाएवढी तांब्याची कुपी ठेवून तोंड मातीने लिंपले. त्या कुपीत वर सांगितलेल्या बिल्ल्यातलीच भुकटी होती, आणि चार महिने ती भिंतीत राहिल्यामुळे गॅमा किरणांचा हिशेब अंदाजाने न करता जागेवर मोजता आला. गावातल्या पोरांनी त्या कुपीला गुप्तधनाची खूण ठरवू नये म्हणून आबांना ते चार महिने रोज संध्याकाळी तिथे खाट टाकून बसावे लागले, हा खर्च पावतीत नाही.

खानदेशातून नमुना पाठवणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. ही पद्धत क्वार्ट्झवर, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या कणांवर, सर्वांत विश्वासाने चालते. आपला बहुतेक मुलूख बेसॉल्टच्या काळ्या दगडाचा. गिरणा सह्याद्रीत उगम पावून याच दगडावरून वाहत येते, आणि बेसॉल्टात क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. त्यात भरणा असतो तो फेल्डस्पारचा. ज्वालामुखीय खडकांतल्या फेल्डस्पारला तर एक खोड आहे: त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन न तापवताही हळूहळू गळतात, आणि ही गळती हिशेबात धरली नाही तर वस्तू आहे त्यापेक्षा तरुण ठरते. 1973 मध्ये ॲन विंटल यांनी ही गळती दाखवून दिल्यापासून चांगली प्रयोगशाळा तिची स्वतंत्र चाचणी करते. आमच्या विटेतून जाड क्वार्ट्झचे कण पुरेसे निघाले नाहीत, म्हणून त्यांनी 4 ते 11 मायक्रॉनचे बारीक कण वापरले आणि त्यांना कृत्रिम मारा देऊन काही आठवडे तसेच ठेवून किती उजेड कमी होतो ते तपासले. ही चाचणी त्यांनी न सांगता केली, वेगळे शुल्क लावले नाही, आणि तिचे आकडे अहवालात दिले. सेवेच्या जमेच्या बाजूला मी हे सर्वांत वर ठेवीन.

वीट पोहोचवायला मी स्वतः गेले होते, त्यामुळे काम थोडे पाहताही आले. लाल दिव्याच्या खोलीत विटेचा गाभा हलक्या दाबाने चिरडला जातो. त्यातला चुन्याचा अंश आम्लाने घालवतात, उरलेली भुकटी ॲसिटोनमध्ये ढवळून तिचे बारीक कण रुपयाच्या नाण्याहूनही लहान ॲल्युमिनियमच्या चकत्यांवर बसू देतात. मग नायट्रोजन भरलेल्या कप्प्यात एकेक चकती दर सेकंदाला पाच अंश या वेगाने तापवली जाते आणि वर लावलेली प्रकाशवर्धक नळी तिचा उजेड मोजते. पडद्यावर एक रेघ चढत गेली, दोन टेकड्या करून उतरली. तीच चकती लगेच पुन्हा तापवली तेव्हा टेकड्या नाहीशा झाल्या होत्या आणि फक्त शेवटी, कोणतीही तापलेली वस्तू लालसर दिसू लागते तसला, चढ उरला होता. एवढ्या वर्षांचा साठा दीड मिनिटात संपला आणि तो परत मिळणार नाही, हे पाहताना आत काहीतरी हलले हे कबूल करते. त्यानंतर त्या चकत्यांना स्ट्रॉन्शियम-90 च्या स्रोताने मोजून मारा देतात आणि किती माऱ्याला किती उजेड पडतो ते ठरवतात.

अहवाल आठ पानांचा आला. साठलेला मारा 0.62 ग्रे (ग्रे हे असा मारा मोजण्याचे एकक), वार्षिक मारा 1.6 मिलीग्रे, भागाकार सुमारे 390 वर्षे, आणि अलीकडे-पलीकडे 40 वर्षांची मुभा. बेसॉल्टात पोटॅशियम कमी असल्यामुळे वार्षिक माराही कमी येतो, असे तिथेच टिपेत स्पष्ट केले होते. सर्वांत उपयोगी पडला तो तिसऱ्या पानावरचा आलेख. नैसर्गिक उजेड आणि कृत्रिम माऱ्याचा उजेड यांचे गुणोत्तर सुमारे 300 अंशांपासून पुढे सपाट राहिले तर वीट भट्टीत पुरती भाजली होती आणि मोजणी विश्वासार्ह आहे असे समजायचे. ते गुणोत्तर चढत राहिले तर वीट कच्ची होती आणि तिच्यात भट्टीआधीचा जुना साठा उरला आहे. आमच्या विटेची रेघ 300 ते 420 अंशांपर्यंत जमिनीसारखी सपाट होती. ज्याला एकही सूत्र कळत नाही त्यालाही ही सपाटी डोळ्यांनी कळते, म्हणून अहवाल मागताना हा आलेख हवाच असा आग्रह धरावा.

मोजणीचे वर्ष 2024 धरले, म्हणजे वीट 1634 च्या आगेमागे भाजली गेली. 40 वर्षांची मुभा धरली तर 1594 ते 1674. ही मुभा तीनपैकी दोन वेळा खरी ठरेल अशी असते, आणि वीसपैकी एकोणीस वेळा खरी ठरावी असे वाटत असेल तर ती दुप्पट करावी लागते, हे अहवालात बारीक अक्षरांत होते. ते ठळक असायला हवे होते. दुप्पट केले तर पल्ला 1554 ते 1714 असा होतो. होळकरांचा अंमल अठराव्या शतकातला, तेव्हा तो या पल्ल्याबाहेर राहतो. फारुकींचे राज्य 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा संपले, म्हणजे ते आत येते, पण काठावर. बहुतेक जागा मोगलांच्या वाट्याला जाते, ज्यांची बाजू आमच्या घरात आजवर कोणीच घेतलेली नव्हती.

आबांनी अहवाल हातात न घेताच विचारले, "काय म्हनस तुनी ईट?" मी सगळे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले की होळकरांच्या वेळी बांधणाऱ्याने आधीच्या पडक्या गढीच्या विटा वापरल्या असतील. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते शास्त्राला धरूनच आहे. तापदीप्ती मातीला लागलेल्या आगीची तारीख देते, भिंत रचणाऱ्याची नाही. गढीला एकदा आग लागली होती अशीही आमच्याकडे आठवण आहे, आणि ती पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाशी जोडली जाते. ती आग या विटेपर्यंत पोहोचून वीट 500 अंशांपर्यंत तापली असती, तर तिचे वय दोनशेच्या आसपास आले असते. ते तसे आले नाही, यावरून निदान तळाची भिंत त्या आगीतून वाचली असे म्हणता येते. आगीचा खरा तपास करायचा तर वरच्या थरातली, धुराने काळी झालेली वीट द्यावी लागेल. एका विटेवर इमारतीचे वय ठरवू नये, तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणच्या विटा द्याव्यात, असे संशोधिका म्हणाली होती. शुल्क पाहून आम्ही एकच दिली, त्यामुळे या बाबतीत दोष सेवेचा नाही.

पाचपैकी किती, असे विचारले तर मी साडेतीन देईन. मोजणी, अहवालाचा प्रामाणिकपणा आणि गळतीची चाचणी यांना पूर्ण गुण आहेत. सूचनांचा अभाव, मराठी-हिंदीत एकही ओळ नसणे आणि दोनदा पूर्ण शुल्क घेणे यांचे दीड गुण मी कापले आहेत. सात महिने लागले याबद्दल मात्र तक्रार नाही, कारण त्यातले चार कुपीचे होते.

हे वाचून कोणी आपल्या गावच्या पांढरीवरची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरची, खापरे गोळा करून पाठवू लागेल, म्हणून सांगते की तसे करू नये. तापीकाठचे प्रकाशे, आमच्याच तालुक्यातले बहाळ आणि नदीपलीकडचे टेकवाडे, साक्रीकडचे कावठे ही उत्खनने झालेली गावे सर्वांना ठाऊक आहेत, पण पांढरी गावोगावी आहे, आणि धाब्यावर टाकायला तिची माती नेताना रंगीत खापर सापडले नाही असे घर विरळा. असे खापर उचलले की त्याच्या सभोवतालची माती, खोली आणि ओलावा हे सगळे मागे राहते, म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच हरवतो. शिवाय पुरावशेषांचा कायदा आहे तो आहेच. सापडलेली वस्तू जागेवर ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवणे हाच मार्ग आहे. आमची भिंत खासगी मालकीची आणि असंरक्षित होती, तरीही कागद आधी तपासून घेतले होते.

वहिनींनी यात एक भर घातली. मांडे करायचे त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे खापर यंदा तडकले, तेव्हा त्याचेही वय काढून घ्यावे असे त्यांच्या मनात आले. मी संशोधिकेला विचारले, तर ती हसली नाही. तिने नीट समजावले की पालथे घातलेले खापर चुलीच्या जाळावर दर वेळी काही भागात पुष्कळ तापते आणि काही भागात कमी, त्यामुळे त्यातला साठा कुठे पूर्ण, कुठे अर्धवट उधळलेला असतो, रेघ सपाट येत नाही आणि निघालेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. तरी नव्या अर्जाचा नमुना तिने पाठवला. तो आता मराठीतही आहे, आणि आमच्या तक्रारीचा त्यात काही वाटा असावा असे मी समजते. त्यातला पाचवा रकाना असा आहे: वस्तू शेवटची केव्हा तापवली गेली असावी असा आपला अंदाज आहे? वहिनींनी तो वाचला, पेन मागितले आणि अक्षय्य तृतीयेच्या आमच्याकडच्या नावाने लिहिले, "आखाजीला."